चोविसावी ओळ

आत्मारामबाब मेजाखाली बसले होते आणि वर फोन वाजत होता.

"वायर बघतंय," ते खालून म्हणाले.

वायरीला काही झालेलं नव्हतं. त्या मेजाखाली रोज सकाळी मीच केरसुणी घालत होते. वायर घट्ट आहे की ढिली, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. पण आत्माराम परब या माणसाची ही खोडच. भीती वाटली, राग आला, किंवा चारचौघांत कोणी शाबासकी दिली, की ते "वायर बघतंय" म्हणून मेजाखाली शिरायचे आणि तोंड नीट झालं की वर यायचे. त्या दिवशी भीती होती.

फोन कंपनीच्या मुरगावच्या ऑफिसातून होता. तिथं अकरा माणसं अकरा पडद्यांसमोर बसली होती आणि एकालाही यंत्रात शिरता येत नव्हतं. सगळ्यांना कुलूप लागलं होतं. खनिज भरलेल्या बार्जी, म्हणजे सपाट मालबोटी, धक्क्याला येऊन थांबलेल्या, आणि यंत्रात टिपल्याशिवाय त्यातला एक खडा हलवायचा नाही असा कंपनीचा नियम.

मॅनेजरसाहेब दारात उभे होते. मेजाखालच्या माणसाशी कसं बोलतात ते त्यांना शिकवलेलं नसावं, म्हणून ते माझ्याकडे बघून बोलले. "त्यांना सांग, दुपारच्या आत कुलपं निघाली नाहीत तर हा मराठी पडदा काढायला लावतो. जुना इंग्रजी परत लावायचा. आजच."

"ऐकलं त्यांनी," मी म्हटलं. "ते खाली आहेत, बहिरे नाहीत."

साहेब गेले. मी केरसुणी भिंतीला टेकवली. जुना पडदा परत आला असता तर माझं काम गेलं असतं. माझं एकटीचं नव्हे. केर काढणाऱ्या बायका, ट्रकवाले, वजनकाट्यावरची माणसं, ज्यांची शाळा चौथीत नाहीतर त्याच्याही आधी संपली, त्या सगळ्यांचं. ते कसं, हे आधी सांगितलं पाहिजे.

माझं माहेर पार्से, दिलं मला डिचोलीत. नवरा खाणीवर गाडी चालवायचा. तो गेला त्या वर्षी कंपनीनं मला वजनकाट्याच्या ऑफिसात शिपाई म्हणून घेतलं. केर, चहा, कागद इकडून तिकडे. आत्मारामबाब तिथं आधीपासून होते. रोज धारगळहून स्कूटरनं येत. बारीक माणूस, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं, खिशात तासलेल्या दोन पेन्सिली. हुद्दा ऑपरेटर.

मोठं यंत्र पणजीला थंड खोलीत असायचं. आमच्याकडे त्याचे नुसते पडदे. काळे, त्यावर हिरवी अक्षरं. कुठल्या ट्रकातून किती माल गेला, कुठल्या बार्जीत भरला, कोण कामावर आला, सगळं त्या यंत्राच्या पोटात. त्याला डेटाबेस म्हणतात. आत्मारामबाब कोठार म्हणायचे. "कोठाराक दार आसा," ते सांगायचे. "दाराक लॉगिन म्हणतत. दार बरां नसलां तर आत कितीय भात भरून उपेग नाय."

दार बरं नव्हतंच. कंपनीनं हुकूम काढला की ज्यानं त्यानं आपली हजेरी आपण पडद्यावर टिपायची. तीन दिवस टिपली नाही तर नाव पटावरून खाली. आता यंत्र विचारायचं इंग्रजीत, आणि एकेक. एकाचं उत्तर दिलं की ती ओळ वर सरकून जायची आणि दुसरा प्रश्न यायचा. मागे जाऊन सुधारायची सोय नाही. पहिल्या उत्तरात एक अक्षर चुकलं असेल, तर ते चार प्रश्न झाल्यावर सांगायचं, आणि परत पहिल्यापासून. तीनदा चुकलं की कुलूप. कुलूप पणजीहून निघेपर्यंत दिवस बुडाला.

आमच्याकडे भिकू म्हणून सावंतवाडीकडचा ट्रक ड्रायव्हर होता. तो म्हणाला, "ह्यां मशीन म्हणजे सासू आसा. एक सांगलां की दुसरां विचारता, आणि पयलां चुकलां ता शेवटाक सांगता."

माझे दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी मी पडद्यासमोर उभी होते, हातात केरसुणी तशीच. आत्मारामबाब मागे येऊन थांबले.

"काय विचारता तां?"

"माका काय ठावक? इंग्लिशीत विचारता."

"कितकीं विचारतलां तां तरी ठावक आसा?"

"नाय."

त्यांनी माझी हजेरी टिपून दिली. मग खुर्चीत बसून बराच वेळ त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "माझ्या आवशीक असांच केल्यानी."

त्यांची आई धारगळहून एका कचेरीत जमिनीच्या कामाला गेली होती. खिडकीतल्या माणसानं एक कागद मागितला. ती परत गेली, घेऊन आली. मग त्यानं दुसरा मागितला. असं पाच वेळा. पाचव्या खेपेला ती म्हणाली, बाबा, तुला काय काय हवं ते एकदम सांग ना. तो म्हणाला, तसा नियम नाही.

"सगळां एकदम मांडूक होयां," आत्मारामबाब म्हणाले. "माणसाक आधी दिसूक होयां, आपणाक काय काय विचारतले."

हे त्यांचं घोषवाक्यच होतं. सगळं एकदम मांडा. बाजारात गेले की सुंगटांपासून, म्हणजे कोळंबीपासून, मिठापर्यंत सगळी यादी एका दमात म्हणायचे आणि मग गप्प उभे राहायचे. कोणी "बरे आसात मरे?" विचारलं तर नाव, गाव, तब्येत आणि कुठे निघालो ते सगळं सांगून मोकळे व्हायचे. तरुणपणी मुलगी बघायला गेले तेव्हा त्यांनी एक कागद नेला होता. त्यावर सगळे प्रश्न, प्रत्येकापुढे आखलेली घरं. मुलीला म्हणाले, घाई नाही, भरून द्या. मुलीनं भरला. नाव, शिक्षण, येणारे पदार्थ, सगळं. आणि अगदी खालच्या ओळीत लिहिलं, "नको."

ही गोष्ट त्यांनी स्वतः मला सांगितली. वर म्हणाले, "पण भरल्यान मात्र नीट. एक घर चुकूक नाय."

मग त्यांनी दार बदलायला घेतलं. त्या यंत्रात म्हणे अशी सोय होती की एकेक ओळ विचारण्याऐवजी अख्खा पडदा समोर मांडायचा. सगळे प्रश्न एकदम दिसणार. वर जा, खाली जा, चुकलं तर पुसा, आणि सगळं बरोबर वाटलं की मग एकच कळ दाबायची. फक्त तसं यंत्राला सांगून ठेवावं लागतं. कुठल्या ओळीत, कितव्या घरात, काय. पणजीच्या लोकांनी ते कधी केलं नव्हतं. त्यांना इंग्रजी येत होतं, त्यांचं काय अडलं होतं?

पडदा म्हणजे चोवीस ओळी. एकेका ओळीत ऐंशी घरं. एका घरात एक अक्षर. आत्मारामबाबांना त्या चोवीस-ऐंशीनं धरलं ते धरलंच. पुतणीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी चोवीस ओळींत बसवली. त्यासाठी दोन काकांची नावं गाळली, आणि ते दोन्ही काका लग्नाला आले नाहीत. परसात मिरच्या लावल्या त्या चोवीस सऱ्यांत. एका सरीत ऐंशी रोपं मावेनात तेव्हा शेजाऱ्याच्या बागेत कुंपणापलीकडे सात लावली. शेजाऱ्यानं उपटली. हे म्हणाले, "ओळ अर्धी रवली."

कागदावर खोडून खोडून कागद फाटायला लागले. मग त्यांनी काट्यामागच्या रिकाम्या खोलीत जमिनीवर खडूनं सगळी घरं आखली, आणि धारगळच्या आपल्या बागेतल्या काजूबिया पिशवी भरून आणल्या. जिथं अक्षर यायचं तिथं एक बी. खोडायला नको, सरकवली की झालं. चार दिवस माणूस गुडघ्यांवर होता.

पाचव्या दिवशी सकाळी मी ती खोली झाडली. मला कोणी सांगितलं नव्हतं. जमिनीवर बिया पडल्या होत्या, मी गोळा केल्या.

आत्मारामबाब आले, दारात थांबले.

"सत्याबाय, पडदो खंय गेलो?"

"खंयचो पडदो? जनेलाक पडदो कधी होतो हंय?"

"जमनीर होतो तो!"

"त्यो बियो? त्यो भाजल्यो. भिकून आणि ट्रकवाल्यांनी खाल्ल्यो."

ते वाकून रिकामी जमीन बघायला लागले. मग अगदी हळू म्हणाले, "तुमी लॉगिन खाल्लात."

"बरां होतां," मी म्हटलं. "थोडां करपलां."

ते मेजाखाली गेले. त्या दिवशी वायर बराच वेळ बघितली.

पण दुसऱ्या दिवशी नवी पिशवी आणली, आणि या खेपेला मलाच उकिडवं बसवलं. एकेक ओळ मांडायची आणि मला विचारायचं, "हांगा काय भरूक होयां तां कळता?" मला कळलं की पुढची ओळ. नाही कळलं की बिया परत गोळा. मॅनेजर बी.ए. झालेले, क्लार्क दोघं बारावी, पण विचारायचं मला. मी म्हटलं, "मी चवथी पास." ते म्हणाले, "म्हणूनच."

त्या यंत्राला मराठी अक्षर ठाऊक नव्हतं, मोठी इंग्रजी अक्षरं तेवढी. म्हणून शब्द मराठी आणि अक्षरं इंग्रजी असं ठरलं. वरच्या ओळीला 'देव बरें करूं'. मध्ये 'नाव'. त्याखाली 'गुप्त शब्द'. त्याखाली 'कामाची जागा'. तीन प्रश्न, तीन उत्तरं. माझ्या नावाची इंग्रजी अक्षरं त्यांनी मला शिकवली. बाकीची मी ट्रकांच्या पाट्यांवरून शिकले.

गुप्त शब्द भरताना अक्षरं उमटत नाहीत. मी म्हटलं, बिघडलं. ते म्हणाले, "बिघडूक नाय. ती दिसची नाय. ती तुमची खाजगी जागा." घरात कधी मिळाली नव्हती, ती यंत्रात मिळाली. माझा शब्द काय होता ते अजूनही सांगणार नाही. भिकू मात्र आपला शब्द अंगणभर ओरडत भरायचा, तेव्हा सगळ्या डिचोलीला ठाऊक होता.

सगळ्यात खालची, चोविसावी ओळ ते राखून ठेवायचे. "ती आमची न्हय. ती मशीनीची. भितर गेल्यार मशीन हांगा आपलां म्हणणां सांगता." मी आत गेले की तिथं उमटायचं, "आधी बस. चहा मागाहून." बरं वाटायचं. यंत्र सगळ्यांनाच तसं सांगत असणार असं मी धरून चालले. त्यात विचारण्यासारखं काय होतं?

पडदा लागला. आठ दिवस डिचोलीत एकाला कुलूप नाही. केर काढणारी शेवंती, जिनं कधी पाटी धरली नव्हती, ती नाव भरून यायची आणि हात पदराला पुसायची. पणजीचे लोक खूश झाले आणि म्हणाले, मुरगावलाही हाच पडदा लावा. नवव्या दिवशी तिथं लागला, आणि आत्मारामबाब मेजाखाली गेले.

तिथवर आलो. फोन वाजतच होता. शेवटी मीच उचलला.

"कोण बोलतंय?" मुरगावचे हेडक्लार्क होते.

"शिपाई."

"शिपायाशी काय बोलू? ऑपरेटरला द्या."

"ऑपरेटर वायर बघतायत. काय झालं ते मला सांगा."

"काय सांगू? नाव बरोबर घातली. तीनदा घातली. तिन्ही वेळा चूक म्हणतं, आणि आता कुलूप!"

मी फोन कानाला तसाच धरून उभी राहिले. घातली. पार्स्याच्या शाळेत आमच्या मास्तरांनी ह्याच शब्दावरून मला वेताची छडी दिली होती. ते नाव, तुझं. ती नाव, पाण्यावरची. पन्नास वेळा लिही.

"बाबा," मी म्हटलं, "नाव घातलं की घातली?"

"त्यानं काय फरक पडतो?"

"खूप पडतो. तुमचं नाव भरलंत की बार्जीचं?"

पलीकडे खुर्ची सरकली. मग आवाज खाली आला. "बार्जीचं. मशीननं नाव विचारली ना? समोर धक्क्याला उभी होती, तिचं घातलं."

"आणि बाकीच्यांनी?"

"त्यांनी माझं बघून आपापल्या बार्जी घातल्या."

आमच्या डिचोलीच्या काट्यावर ट्रक. पाण्यावरची नाव कोणाच्या डोक्यात येणार? आणि मुरगावात सकाळपासून दुसरं काही कोणी बघत नाही. मी मेजाखाली वाकले. आत्मारामबाब गुडघे पोटाशी घेऊन बसले होते, वायर हातात.

"भायर या. त्यांनी होडी घातल्यानी."

"काय?"

"नाव विचारल्यात, त्यांनी होडी घातल्यानी. तुमचां काय चुकूक नाय. भाशेचां चुकलां."

ते बाहेर आले ते डोकं मेजाला आपटून. तसेच खुर्चीत बसले, पणजीला फोन लावून अकरा कुलपं काढून घेतली आणि पडद्याच्या नकाशात 'नाव'च्या जागी 'तुमचे नाव' घातलं. 'तुमचे' लिहिलं की नाव आपोआप माणसाचं होतं. बोटीचं असतं तर 'तुमची' झालं असतं. एवढ्यातसुद्धा ते कुरकुरले, "सगळी घरां सरकली. मदीं होतां तां बाजूक गेलां."

दुपारच्या आधी बार्जी हलल्या. मॅनेजरसाहेब येऊन म्हणाले, "ठीक आहे परब. पडदा राहू दे." ही शाबासकी होती, त्यामुळे आत्मारामबाब परत मेजाखाली गेले.

पडदा राहिला. माझं काम राहिलं, शेवंतीचं राहिलं, भिकूचं राहिलं. वर्षं गेली. काचेचे जाड पडदे जाऊन चपटे आले, पण त्यात उघडायचं तेच काळं दार आणि तीच हिरवी अक्षरं. मी कागदावर निवृत्त झाले. पण केर निवृत्त होत नाही, म्हणून मला ठेवून घेतलं. आत्मारामबाबांनाही ठेवून घेतलं, कारण त्या दाराची खुंटी कुठे आहे ते दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांची आई मध्येच कधी तरी गेली. दोन दिवस रजा घेतली, तिसऱ्या दिवशी आले, स्कूटर लावली, आत गेले. सगळ्यांच्या आधी पडदा तेच उघडायचे. दुपारी खिडकीशी उभ्यानं एक पाव चहात बुडवून खायचे. मी एकदा म्हटलं, "बसून तरी खावा." म्हणाले, "एका पावाक कित्याक बसूचां?"

आम्ही एकमेकांना कायम 'तुम्ही' म्हटलं. ऑफिस होतं ते.

गेल्या वर्षी कंपनीनं ठरवलं, मोठं यंत्र बंद. आता मोबाइलला तोंड दाखवायचं, हजेरी आपोआप लागते. नाव कोणी विचारत नाही. पणजीहून मानसी नावाची मुलगी आली, हुशार, केस बांधलेली, मला पहिल्या दिवसापासून आजी म्हणणारी. यंत्रात काय काय आहे ते सगळं कागदावर उतरवून शुक्रवारी ते बंद करायचं, हे तिचं काम. आत्मारामबाबांनी तिला सगळं एकदम मांडून दिलं. कुठली फाईल, कुठली ओळ, कितवं घर. आणि आपण काट्यावर जाऊन उभे राहिले.

मंगळवारी सकाळी ती कागदाचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आली. हसत होती. "आजी, हे बघा. प्रत्येकाच्या लॉगिनला खालच्या ओळीत वेगळा मजकूर आहे."

"सगळ्यांना चहाचं सांगतं ना?"

"नाही हो. ते फक्त तुम्हाला."

मी चष्मा लावला. डावीकडे नावं, उजवीकडे ओळी. भिकूपुढे होतं, "आईक फोन केलस?" शेवंतीला, "हात पुसू नको, स्वच्छ आहेत." मॅनेजरसाहेबांना, "सावकाश बोला, सगळे ऐकतात." मुरगावच्या हेडक्लार्कना, "घातलं? घातली नव्हे ना?" ते केव्हाच निवृत्त झाले होते, पण ओळ तशीच होती. साठ-बासष्ट माणसं, कोणाची ओळ कोणासारखी नाही. काही तर बदलत आणलेल्या, जुनी खोडून नवी. शेवंतीची मुलगी बाळंत झाली त्या वर्षीची, भिकूचा पाय मोडला तेव्हाची. आणि इतकी वर्षं कोणी कोणाला सांगितलं नाही, कारण प्रत्येकाला वाटत होतं की यंत्र सगळ्यांशी तसंच बोलतं.

मी आत्मारामबाबांचं नाव शोधलं. नाव होतं. पुढे काही नव्हतं.

"ह्यांचं छापायचं राहिलं काय गो?"

"नाही आजी. रिकामंच आहे."

म्हणजे हा माणूस रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन दार उघडत होता, आणि त्याला खाली काळी ओळ दिसत होती. आपल्याला काय लिहायचं ते सुचलं नसेल, किंवा आपणच लिहून आपणच वाचण्यात काही अर्थ नाही असं वाटलं असेल. मी विचारलं नाही. विचारून काय सांगणार होते? वायर बघायला गेले असते.

"तिथं घालता येतं अजून?" मी मानसीला विचारलं.

"येतं की. शुक्रवारपर्यंत यंत्र चालू आहे. काय घालू?"

"जेवलास."

ती माझ्याकडे बघत राहिली. "जेवलात ना? ते मोठे आहेत."

"जेवलात घातलं तर कंपनी विचारते असं वाटेल. जेवलास घाल. आणि पुढे प्रश्नाची खूण घाल, नाहीतर यंत्र नुसतं सांगतंय असं व्हायचं."

तिनं घातलं. मोजून सात इंग्रजी अक्षरं आणि खूण. घरं भरपूर उरली.

बुधवारी सकाळी मी केर काढत होते. आत्मारामबाब आले, स्कूटरची चावी खिळ्याला लावली, बसले. नाव भरलं, गुप्त शब्द भरला, जागा भरली, कळ दाबली. मी त्यांच्याकडे पाठ करून खिडकीचं जनेल पुसत होते. काचेत सगळं दिसत होतं.

ते खालच्या ओळीकडे वाकले. मग चष्मा काढला, परत लावला.

"वायर बघतंय," ते म्हणाले, आणि मेजाखाली गेले.

मी जनेल पुसून संपवलं. मी घरून चार पाव आणि अळसांद्यांची, म्हणजे चवळीची, भाजी आणली होती. ती त्यांच्या मेजावर मांडली, पाणी ठेवलं, दुसरी खुर्ची ओढली आणि बसले. माझे गुडघे आता उभं राहू देत नाहीत.

"कोणी घातली ही?" खालून आवाज आला. नीट नव्हता.

"ओळ ना? मग घातलीच म्हणतात. बरोबर बोललास."

खाली वायर सरकली.

"भायर ये," मी म्हटलं. "वायर घट्ट आसा, सकाळीच बघितलंय. भाजी थंड जाता."

थोड्या वेळानं तो वर आला. बसून जेवला. तीन पाव खाल्ले. भाजीत मीठ कमी होतं, तेही सांगितलं.

शुक्रवारी दुपारी मानसीनं पणजीला फोन लावला. तिकडचे लोक म्हणाले, बंद करायच्या आधी आत कोण कोण आहे ते बघा, सगळे बाहेर आले पाहिजेत. तिनं बघितलं. मुरगावचे सकाळीच बाहेर पडले होते. ट्रकवाले, शेवंती, साहेब, सगळे बाहेर पडले होते. तिनं आमच्याकडे वळून विचारलं, "तुम्ही?" आम्ही दोघांनीही बाहेर पडायची कळ दाबली नाही. मग तिनं फोनमध्ये सांगितलं की चालेल, करा.

यंत्र बंद झालं तेव्हा त्याच्या आत दोन माणसं होती. आत्माराम परब, ऑपरेटर, राहणार धारगळ. आणि सत्यभामा गावस, शिपाई, चौथी पास.